टिनटिनचा दुसरा भाग

कोणत्याही ग्रंथमालेंतील दुसरा भाग वाचकाच्या हातीं पडतो, तेव्हां तो एकटा येत नाहीं. पहिल्या भागानें मिळविलेला लोभ त्याच्या आधींच घरांत येऊन बसलेला असतो. पहिल्या पुस्तकाला दारांत उभें राहून आपली ओळख आपणच करून द्यावी लागते. दुसऱ्याचें स्वागत उंबरठ्यावरच होतें. म्हणून पहिल्या भागासाठीं लेखक जेवढे कष्ट घेतो, तेवढे दुसऱ्यासाठीं घेईलच असें नाहीं. आणि वाचक पहिल्या भागाला जे प्रश्न विचारतो, ते दुसऱ्याला विचारीलच असेंही नाहीं. या दोन सवलतींचा परिणाम काय होतो हें पाहावयाचें असेल, तर जगांतील एका अत्यंत लोकप्रिय चित्रकथामालेचा दुसरा भाग उघडून पाहावा. त्या भागाचें नांव ‘टिनटिन कांगो देशांत’.

टिनटिन हा कपाळावर केसांचा झुबका उभा असलेला एक तरुण बातमीदार. स्नोई नांवाचा पांढरा कुत्रा बरोबर घेऊन तो देशोदेशीं हिंडतो, दुष्टांचा माग काढतो, संकटांत सांपडतो आणि युक्तीनें त्यांतून बाहेर पडतो. त्याचा जनक बेल्जम देशांतील चित्रकार जॉर्ज रेमी (१९०७–१९८३). ‘एर्जे’ या टोपणनांवानेंच जग त्यास ओळखतें. १० जानेवारी १९२९ रोजीं ब्रुसेल्स येथील एका कॅथॉलिक दैनिकाच्या बालपुरवणींत टिनटिन प्रथम अवतरला. दर गुरुवारीं ही पुरवणी निघे आणि मुलें तिची वाट पाहत बसत. शेवटचा अपुरा राहिलेला भाग धरून या मालेचीं पुढें २४ पुस्तकें झालीं व अनेक भाषांत त्यांचीं भाषांतरें निघालीं. बंगालींत तर १९७५ सालापासून ‘आनंदमेला’ या मुलांच्या नियतकालिकांत तीं येऊं लागलीं, आणि स्नोईचें नवें बारसें होऊन तो ‘कुट्टुस’ झाला.

आपल्याकडेही चित्रांतून सांगितलेल्या साहसकथांचें वेड नवें नाहीं. ‘चांदोबा’ मासिकांतील राक्षस व राजपुत्र, १९६४ सालीं सुरूं झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधील वेताळ व जादूगार मँड्रेक, १९६७ पासूनची ‘अमर चित्र कथा’ यांवर आजच्या विद्यार्थ्यांच्या आईबापांची, किंबहुना आजीआजोबांचीही, लहानपणीं झडप पडत असे. तेव्हां ‘चित्रांचें पुस्तक म्हणजे पोरखेळ’ असें म्हणून या विषयाची बोळवण करणें पालकांस शोभणार नाहीं. दहा वर्षांच्या मुलाच्या मनावर पाठ्यपुस्तकांतील धड्यापेक्षां अशा चित्रांचा ठसा पुष्कळ वेळां अधिक खोल उमटतो. जें इतकें खोल जातें, त्याचें परीक्षणही तितक्याच आस्थेनें झालें पाहिजे.

पहिल्या भागांत टिनटिन सोव्हिएट रशियांत गेला होता. हा भाग निर्दोष होता असें मुळींच नाहीं. एर्जे रशियाला गेलेला नव्हता. १९२८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एकाच पुस्तकाच्या आधारें त्यानें तो सारा देश रंगविला. चित्रेंही ओबडधोबड होतीं. तरी त्या कथेंत एक धांव होती. नायकामागें शत्रु लागलेले असत, आणि तो आज निसटेल कीं सांपडेल ही धाकधूक मुलांस पुढच्या गुरुवारपर्यंत पुरे. ८ मे १९३० रोजीं ही कथा संपली, तेव्हां टिनटिनचा वेष घेतलेल्या एका मुलास आगगाडीनें ब्रुसेल्सच्या स्टेशनावर आणण्यांत आलें, आणि त्याच्या स्वागतासाठीं मोठा जमाव लोटला. कागदावरच्या मुलास भेटण्यासाठीं माणसें स्टेशनावर जातात, यापेक्षां पहिल्या भागाचें यश तें कोणतें?

दुसऱ्या भागाचा जन्म असा कौतुकाच्या भरांत झाला. एर्जेला आपला नायक अमेरिकेला न्यावयाचा होता. परंतु दैनिकाचे संपादक फादर नॉर्बर्ट वालेझ यांची इच्छा निराळी होती. कांगो ही त्या वेळीं बेल्जमची वसाहत होती. बेल्जमचें क्षेत्रफळ आपल्या वर्धा जिल्ह्याच्या सुमारें पांचपट. आणि कांगो बेल्जमच्या ७५ पटींहूनही मोठा! एवढ्या विस्तीर्ण देशाविषयीं बेल्जन मुलांच्या मनांत आवड उत्पन्न व्हावी, हा संपादकांचा हेतु होता. एर्जेचें वय तेव्हां तेवीस. कांगोचें त्यानें दर्शनही घेतलें नव्हतें. ब्रुसेल्सजवळ टेर्व्हुरेन येथें वसाहतीविषयीं एक मोठें संग्रहालय आहे. तेथील वस्तु, कांहीं छायाचित्रें व लोकांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी, एवढ्या भांडवलावर त्यानें कामास आरंभ केला. जून १९३० पासून जून १९३१ पर्यंत ही कथा क्रमशः प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षीं तिचें पुस्तक निघालें.

प्रथम केवळ कथा म्हणूनच या पुस्तकाचा विचार करूं. टिनटिन जहाजांतून आफ्रिकेस जातो; तेथें मोटार घेतो, एक मुलगा नोकरीस ठेवतो आणि शिकारीला निघतो. एका हरणावर तो गोळी झाडतो. नेम चुकला असें समजून पुन्हां पुन्हां झाडतो. जवळ जाऊन पाहतो तों एक सोडून पंधरा हरणें मरून पडलेलीं! पुढें एका माकडास मारून तो त्याचें कातडें स्वतःच्या अंगावर चढवितो. हत्तीचे सुळे काढतो. गेंड्याच्या जाड कातडींतून गोळी जात नाहीं म्हणून त्याच्या पाठीला भोंक पाडून आंत सुरुंगाची दारू भरतो आणि त्या मुक्या प्राण्याच्या चिंधड्या उडवितो. हें सर्व विनोद म्हणून रंगविलेलें आहे. एका प्रसंगाचा दुसऱ्याशीं संबंध नाहीं; पानें मागेंपुढें केलीं तरी वाचकास फारसा फरक कळणार नाहीं. अखेरीस अमेरिकेंतील अल् कपोन या दरोडेखोराच्या टोळीचा कांगोच्या हिऱ्यांवर डोळा आहे, असा एक धागा घाईनें जोडला आहे. पण तोंवर पुस्तक संपत आलेलें असतें.

साहसकथेचा प्राण कोणता? नायक हरूं शकेल, ही शक्यता. सिंदबादचें जहाज खरोखरच फुटतें. म्हणून तो किनाऱ्याला लागतो तेव्हां आपला जीव खालीं पडतो. येथें सिंह, मगर, अजगर, बिबळ्याचें कातडें पांघरलेले मारेकरी, सर्व कांहीं आहे. परंतु यांपैकीं कोणीही नायकास दोन पानांपेक्षां अधिक काळ अडवूं शकत नाहीं. त्याला कांहीं शिकावें लागत नाहीं, कोणाची खरी मदत लागत नाहीं, कोणत्याही गोष्टीची किंमत मोजावी लागत नाहीं. ज्या साहसांत नायकाचें कांहींच पणाला लागलेलें नाहीं, त्यास साहस कसें म्हणावें? ती एक सहल होय. पहिल्या भागांतील धाकधूक येथें नाहींशी झाली आहे, आणि निराशेचें पहिलें कारण हेंच.

आतां या कथेंतील माणसांकडे वळूं. कांगोंतील लोकांचीं सर्व तोंडें जवळजवळ एकाच छापाचीं काढलेलीं आहेत. टिनटिनची मोटार रुळांवर अडकते आणि आगगाडी तिच्यावर आदळते. मोडते मात्र आगगाडीच, मोटार नव्हे! मग ती गाडी उभी करण्यास लोक कुरकुरत हात लावतात, आणि त्यांना आळशी म्हणून दटावण्याचा मान कुत्र्याकडे दिला आहे. दोन माणसें एका गवती टोपीवरून भांडतात. टिनटिन टोपीचे दोन तुकडे करून एकास कांठ व दुसऱ्यास माथा देतो, आणि दोघेही धन्य होऊन जातात. शलमोन राजाच्या न्यायाची ही नक्कल आहे हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नकोच. परंतु त्या मूळ कथेंत मुलाची खरी आई ओळखली जाते, येथें फक्त दोन मूर्ख दाखविले जातात. तापानें आजारी पडलेल्या माणसास टिनटिन क्विनाइन देतो, तर त्याची बायको त्याच्या पायां पडते. शेवटीं गांवकरी टिनटिनची व त्याच्या कुत्र्याची लांकडी मूर्ति करून तिच्यापुढें डोकें टेकतात.

आमचें मत असें कीं, हे दोन दोष वेगळे नाहींत; मूळ एकच आहे. लेखकानें पाहिलें नाहीं. ज्यांच्याविषयीं लिहावयाचें, त्यांना मन आहे, इच्छा आहे, बुद्धि आहे, हें ज्यानें मानलें नाहीं, त्याच्या कथेंत नायकास तोलामोलाचा मित्र मिळत नाहीं आणि तोलामोलाचा शत्रुही मिळत नाहीं. मूर्खांच्या गांवांत शहाणा ठरण्यांत पराक्रम कोणता? कांगोच्या लोकांस एर्जेनें लहान केलें, त्याबरोबर टिनटिनही लहान झाला. पुष्कळ टीकाकार या पुस्तकाची कथा व त्यांतील अन्याय यांचा विचार दोन निरनिराळ्या खात्यांवर मांडतात. आम्हांस तें पटत नाहीं. हें पुस्तक अन्यायी आहे म्हणूनच तें नीरसही आहे.

या पुस्तकांतील एक प्रसंग वर्ध्याच्या वाचकानें विशेष लक्षांत ठेवण्यासारखा आहे. मिशनच्या शाळेंत शिक्षक आजारी असल्यामुळें टिनटिन वर्गावर जातो. फळ्यापुढें उभा राहून तो त्या कांगोच्या मुलांस सांगतो कीं, आज मी तुमच्या देशाविषयीं बोलणार आहें, आणि तुमचा देश म्हणजे बेल्जम! ज्या मुलांच्या दाराशीं आफ्रिकेंतील सर्वांत मोठ्या नद्यांपैकीं एक वाहत आहे, त्यांना हजारों मैलांवरचा देश ‘तुमचा’ म्हणून शिकविला जातो. हें चित्र प्रसिद्ध झाल्यानंतर सातच वर्षांत, २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं, आपल्या वर्धा शहरांत महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली. मुलाचें शिक्षण त्याच्या मातृभाषेंतून व्हावें, त्याच्या भोंवतालच्या जीवनांतून व हातांच्या उद्योगांतून व्हावें, असें तेथें ठरलें, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें त्याची योजना आंखली, आणि सेवाग्रामला ‘नयी तालीम’ सुरूं झाली. त्या योजनेंतील प्रत्येक कलम आज जसेंच्या तसें चालावें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तुमचा देश तुमच्या पायांखालीं आहे, दुसऱ्याच्या नकाशांत नाहीं, हें उत्तर आपल्याच जिल्ह्यांतून दिलें गेलें, हें या पुस्तकाच्या वाचकास ठाऊक असावें.

या कथेंत एक मिशनरीही आहे. तो टिनटिनला मगरींच्या तोंडांतून सोडवितो आणि आपला दवाखाना, शाळा व प्रार्थनामंदिर दाखवितो. मिशनच्या शाळेंत शिकणाऱ्या मुलास हीं पानें पाहून बरें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु कांगोंतील खऱ्या मिशनऱ्यांची गोष्ट या चित्रापेक्षां फार निराळी व फार मोठी आहे. १८८५ पासून १९०८ पर्यंत कांगो ही बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खासगी मालमत्ता होती. रबराचा ठरलेला वांटा न दिल्यास गांवें जाळलीं जात, माणसांचे हात तोडले जात. १८९९ सालीं विल्यम शेपर्ड नांवाच्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यानें एका छावणींत जाऊन असे तोडलेले ८१ हात मोजले आणि तें जगास कळविलें. शेपर्ड हे स्वतः कृष्णवर्णी होते. पुढें एका रबर कंपनीनें त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. १९०९ सालीं ते त्यांतून निर्दोष सुटले. इंग्लंडच्या ॲलिस हॅरिस या मिशनरी बाईंनीं १९०४ सालीं एका बापाचें छायाचित्र घेतलें. त्याच्या पुढ्यांत त्याच्या पांच वर्षांच्या मुलीचा तोडलेला हात व पाय पडलेला आहे. तें व तशीं दुसरीं छायाचित्रें मॅजिक लँटर्नच्या साह्यानें गांवोगांव दाखविलीं गेलीं. अशा अनेकांच्या प्रयत्नांमुळें लोकमत खवळलें आणि १९०८ सालीं राजास कांगोवरील आपला खासगी ताबा सोडावा लागला.

या गोष्टीवरून एका सबबीचें निरसन होतें. ‘तो काळच तसा होता, तेविशींतल्या चित्रकारास दोष काय द्यावा?’ असें पुष्कळ सज्जन म्हणतात. यांत तथ्य आहे. एर्जेनें स्वतःही पुढें कबूल केलें कीं, आपण वाढलों त्या समाजाचे पूर्वग्रह आपल्या चित्रांत उतरले. परंतु काळ सर्वांसाठीं एकच होता. त्याच काळाच्या आधीं तीस वर्षें शेपर्ड यांनीं डोळे उघडे ठेवून पाहिलें होतें. काळ माणसाला डोळे मिटण्याची सोय करून देतो. डोळे मिटण्याची सक्ति करीत नाहीं.

दुसरी सबब अशी कीं, खुद्द कांगोंत हें पुस्तक आवडीनें पाहिलें जातें. किन्शासा शहरांतील कारागीर टिनटिनच्या लांकडी मूर्ति करून विकतात. तें खरें आहे, आणि त्यांत आश्चर्य मानण्याचें कारण नाहीं. ज्याची थट्टा झाली त्यानें उदारपणें हंसून ती सोडून दिली, तर तो त्याचा मोठेपणा. त्यामुळें थट्टा करणाऱ्याची चूक पुसली जात नाहीं. शिवाय मूर्ति विकून पोट भरणें आणि मूर्तीपुढें डोकें टेकणें यांत केवढें अंतर आहे!

आपण भारतीयांनीं हा प्रश्न परक्याचा म्हणून पाहूं नये. १९२७ सालीं कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईंनीं ‘मदर इंडिया’ हें पुस्तक लिहून आपल्या देशाचें जें चित्र काढलें, त्यानें सारा देश संतापला. गटारांची तपासणी करण्यास आलेल्या माणसानें लिहावें तसें हें पुस्तक आहे, अशा आशयाचा अभिप्राय गांधीजींनीं दिला. टिनटिनच्या चौथ्या भागांतही आपला देश येतो. इंग्रजी भाषांतरांत त्या संस्थानाचें नांव ‘गायपजामा’! तेथें संमोहनविद्या जाणणारा दुष्ट फकीर आहे, वाघ आहे, महाराज आहेत. आणि स्नोई पवित्र गाईच्या वाटेस गेला म्हणून त्यास शंकराच्या वेदीवर बळी देण्याची तयारीही चालते. आपण त्या नांवावर हंसतों, पण बळीच्या प्रसंगीं पान उलटतांना मनाला कांहींसें टोंचतें. तें टोंचणें नीट ओळखावें. कांगोच्या मुलास दुसऱ्या भागाच्या प्रत्येक पानावर तेंच टोंचत असेल.

याच्याही पुढें जाऊन आपल्या घरांत पाहावें. ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधील वेताळाच्या कथांत मूळचे दर्यावर्दी लुटारू ‘सिंग’ नांवाचे होते. भारतीय आवृत्तींत तें नांव बदलून ‘सिंगा’ केलें गेलें, कारण मूळ नांव येथें लागण्यासारखें होतें. तें योग्यच झालें. परंतु अरण्यांतील ठेंगण्या, काळ्या लोकांचा पिढ्यान्पिढ्या राखणदार एक गोराच कां असावा, असें विचारण्याचें आपल्यापैकीं फारच थोड्यांना सुचलें. स्वतःच्या नांवाला ओरखडा लागला कीं आपण चटकन् जागे होतों. दुसऱ्याच्या नांवाला लागला तर झोंप मोडत नाहीं. शाळाशाळांच्या स्नेहसंमेलनांत अजूनही एखाद्या मुलाच्या तोंडाला काजळ फांसून, कमरेला पाला बांधून त्यास ‘जंगली’ म्हणून रंगभूमीवर नाचवितात आणि टाळ्या पडतात. आपल्या वर्धा जिल्ह्यांत गोंड व कोलाम बांधवांचीं गांवें आहेत. त्यांचीं मुलें तुमच्या शेजारच्या बांकावर बसतात. ज्या क्षणीं सभागृह हंसतें, त्या क्षणीं तें मूल कोठें पाहत असेल? विद्यार्थिमित्रांनो, ‘कांगो’चें पुस्तक वाचून कोणी रागावला नाहीं तरी चालेल, पण हा एक प्रश्न त्यानें मनाशीं विचारला, तर त्या निराशाजनक पुस्तकाचाही उपयोग झाला असें आम्ही समजूं.

एर्जेचें पुढें काय झालें, हें सांगितल्याशिवाय त्याला न्याय दिल्यासारखें होणार नाहीं. १९४६ सालीं या पुस्तकाची रंगीत आवृत्ति काढतांना त्यानें तें पुन्हां रेखाटलें. ‘तुमचा देश बेल्जम’ हा धडा काढून तेथें साधें बेरजेचें गणित घातलें. १९७५ सालीं स्कँडिनेव्हियांतील प्रकाशकांनीं हरकत घेतल्यावरून गेंड्याचा तो क्रूर प्रसंगही बदलला. नव्या चित्रांत गेंडा जिवंत पळून जातो. परंतु या डागडुजीपेक्षां खरी दुरुस्ती पांचव्या भागांत झाली. टिनटिन आतां चीनला जाणार, अशी जाहिरात झाली, तेव्हां लुव्हेन येथील चिनी विद्यार्थ्यांचे धर्मगुरु फादर गॉसे यांनीं एर्जेला पत्र लिहून विनविलें कीं, चीनविषयीं लिहावयाचें तर आधीं माहिती करून घ्या. त्यांच्या मध्यस्थीनें १९३४ सालीं एर्जेची चांग चोंग-जेन या चिनी तरुणाशीं ओळख झाली. चांग ब्रुसेल्सला शिल्पकला शिकत होता. त्यानें एर्जेला चीनचा इतिहास सांगितला, चित्रकलेची दृष्टि दिली, आणि कथेंतील चिनी पाट्या खऱ्या चिनी अक्षरांत लिहिल्या.

त्यांतून ‘निळें कमळ’ हा भाग निर्माण झाला. १९३६ सालीं त्याचें पुस्तक निघालें. त्यांत १९३१ सालीं मुकडेनजवळ जपान्यांनीं आगगाडीचा रूळ उडवून त्याचा आळ चिन्यांवर घातला, त्या घटनेचें प्रतिबिंब आहे. पुरांत बुडणाऱ्या चांग नांवाच्या अनाथ मुलास टिनटिन वांचवितो. तेव्हां तो मुलगा आश्चर्यानें विचारतो कीं, परका असून तूं मला कां वांचविलेंस? मग दोघे बसून, एकमेकांच्या देशांत एकमेकांविषयीं कसल्या वेड्या समजुती आहेत त्या सांगतात आणि पोट धरून हंसतात. येथें नायकास प्रथमच बरोबरीचा मित्र मिळाला. याच पुस्तकांत शत्रु खरे आहेत, भय खरें आहे, निरोपाच्या वेळचे अश्रुही खरे आहेत. जो चित्रकार चार वर्षांपूर्वीं पानें भरीत होता, तोच येथें कथा सांगूं लागला. हात तोच, फरक एवढाच कीं, लिहिण्यापूर्वीं त्यानें कोणास तरी विचारलें.

आतां राहिला पालकांचा प्रश्न: हें दुसरें पुस्तक मुलांच्या हातीं द्यावें कीं नाहीं? इंग्रजी भाषेंत तें फार उशिरा, १९९१ सालीं जुन्या स्वरूपांत व २००५ सालीं रंगीत, प्रसिद्ध झालें. म्हणून आपल्याकडे पुष्कळांनीं बाकीची माला वाचूनही हा भाग पाहिलेला नसतो. २००७ सालीं इंग्लंडमध्यें वंशसमानतेचें काम पाहणाऱ्या आयोगानें त्यावर कडक आक्षेप घेतला, आणि कांहीं दुकानांनीं तें मुलांच्या कपाटांतून काढून मोठ्यांच्या कपाटांत ठेवलें. त्याच वर्षीं कांगोच्या एका नागरिकानें बेल्जममध्यें त्याविरुद्ध दावा लावला. २०१२ सालीं ब्रुसेल्सच्या न्यायालयानें बंदीची मागणी फेटाळली.

बंदी आम्हांसही नको. लपविलेल्या पुस्तकाची गोडी वाढते, आणि दोष दिसण्यासाठीं पुस्तक समोर असावें लागतें. परंतु सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हातीं तें एकट्यानें वाचण्यास देऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. त्या वयांत मूल चित्राला प्रश्न विचारीत नाहीं; तें चित्र पिऊन टाकतें. मूल बारा-तेरा वर्षांचें झालें म्हणजे दुसरा व पांचवा हे दोन्ही भाग एका वेळीं त्याच्यापुढें ठेवावेत आणि आईनें किंवा वडिलांनीं शेजारीं बसून थोडेसेच प्रश्न विचारावेत. या गोष्टींत टिनटिनशिवाय आणखी कोणाची अक्कल चालते? लोक नायकाला कांहीं शिकवितात कीं नुसते त्याच्या पायां पडतात? आपल्या गांवाचें असें चित्र कोणी काढलें तर चालेल काय? मुलें या प्रश्नांचीं उत्तरें बरोबर देतात, असा आमचा विश्वास आहे. त्यांना ते कोणीं विचारावे लागतात, एवढेंच. शाळांच्या ग्रंथालयांनींही हें पुस्तक ठेवावयाचें झाल्यास ‘निळें कमळ’च्या जोडीनेंच ठेवावें.

आणि विद्यार्थ्यांसाठीं शेवटीं एक गोष्ट. तुमच्यापैकीं कोणाचा निबंध यंदा पहिला आला असेल, कोणाचें चित्र फळ्यावर लागलें असेल, कोणाच्या भाषणाला टाळ्या पडल्या असतील. पुढच्या वर्षीं तुमच्याकडून दुसऱ्याची अपेक्षा होईल, आणि तो सोपा जाईल असें तुम्हांस वाटेल, कारण ऐकणारे आधींच तुमच्या बाजूचे असतील. त्या वेळीं ज्या विषयावर लिहावयाचें, त्याच्याकडे स्वतः जावें. शेतकऱ्यावर लिहावयाचें तर सेलूच्या किंवा देवळीच्या एखाद्या कापसाच्या शेतांत सकाळभर उभें राहावें. विणकरावर लिहावयाचें तर त्याच्या मागाशीं बसावें. आणि लिहून झालें कीं ज्याच्याविषयीं लिहिलें त्यालाच तें वाचून दाखवावें. तो कोठें मान हलवितो आणि कोठें गप्प बसतो, हें नीट पाहावें. जेथें तो गप्प बसेल, तेथें पुन्हां लिहावें.